गोळ्याची टोपी

रविवार, चहा झाल्यावर

चि. सौ. मोजणीबाई,

हो गं बाई, मुद्दाम करते. झालं समाधान?

आता रीतसर आशीर्वाद घे. तुला, माझ्या लेकाला आणि त्या दात पडलेल्या छोटीला. इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण तो माझ्या लग्नापासून कुरकुरतोय, आता त्याला घरातलाच माणूस समजते. खिडकीचं दार बसवून घेतलं. सुताराने कडी बाहेरच्या बाजूला लावली होती. "वा, छान," म्हटलं, त्याला आत उभं केलं आणि म्हटलं, आता लाव बघू कडी.

तुझं पत्र काल आलं. पाकीट बघून आधी खुर्ची ओढून बसले, कारण हल्ली पाकिटातून येतं ते एकतर बिल, नाहीतर कोणीतरी गेल्याची बातमी. उघडून बघते तर तू! रोज संध्याकाळी फोनवर बोलणारी बाई पत्र कशाला लिहिते? वाचलं तेव्हा कळलं. फोनवर तू विचारलंस की मी हसते, मी हसले की तू हसतेस, आणि विचारायचं तसंच राहून जातं. कागदावर मला हसता येणार नाही असं तुला वाटलं. हुशार आहेस. ह्यांनी तुला उगाच नाही निवडलं. कामाला म्हणते. सून म्हणून माझ्या लेकाने निवडलं, त्यात त्याची हुशारी नाही, नशीब आहे.

प्रश्न तुझा एका ओळीचा. "सासूबाई, तुम्ही मुद्दाम चुकता ना?" मुद्दाम चुकत असेन तर मी इथेच, माझ्या घरात, माझ्या ओट्यापाशी राहायचं. आणि खरंच चुकत असेन तर पुढच्या महिन्यात तू तो उजेड मोजायचा गोळा घेऊन येशील, तो तपासून झाला की परत जाताना मलाही घेऊन जायचं. मांडीवर गोळा, शेजारी सासू. तिकडच्या डॉक्टरीणबाई तुला विचारणार आणि तुला काहीतरी एक सांगावं लागणार. लेक म्हणतो, "आईला काही झालेलं नाही, ती पहिल्यापासून अशीच आहे." त्याचं ऐकू नकोस. त्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत, आई काय सापडणार?

तू काय करतेस ते मला कधी कळलं सांगू? निळ्या गाडीला. तू फोनवर अगदी सहज म्हणालीस, "मागे आपण निळ्या गाडीतून तळ्यावर गेलो होतो ना, केवढा वारा होता." गाडी पांढरी होती. मी म्हटलं, पोरगी दमलीय, विसरली असेल. मग थोड्या दिवसांनी म्हणतेस, "तुमच्या सासूबाईंनी दिलेलं घड्याळ अजून चालतं का हो?" माझ्या सासूने मला घड्याळ! अगं, त्या बाईने मला कधी वाजले किती ते सुद्धा सांगितलं नाही. तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. ही बया मला ढकलून बघतेय! धक्का आपण द्यायचा, किती दिला ते आपल्याला माहीत, आणि मग समोरचं किती हलतं ते टिपायचं. आमच्याच घरातलं औषध आणि मलाच पाजतेस!

राग आला असं समजू नकोस. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात एकटीच हसत उभी राहिले. हे गेल्यापासून सगळे माझ्याशी इतकं गोड आणि इतकं सांभाळून बोलतात की जीव आंबून जातो. कितीतरी दिवसांनी कोणीतरी माझी परीक्षा घेत होतं. मग मी गप्प बसेन होय? पुढच्या फोनला मीच म्हटलं, "त्या निळ्या गाडीत मागच्या सीटवर हत्ती बसला होता ना, म्हणून तर वारा अडला." मला डोळ्यासमोर दिसत होतं, हातात पेन घेऊन बसलीयस आणि हत्ती कुठल्या रकान्यात घालायचा ते कळत नाहीये.

हत्ती आमचा जुना आहे. हे संध्याकाळी कागदात डोकं घालून बसले की मी काय बोलते त्याचं त्यांना भानच नसायचं. म्हणून एकदा भाजी निवडता निवडता म्हटलं, "आज आपल्या दाराशी हत्ती आला होता." मान वर नाही, काही नाही. म्हणाले, "हं. चहा दिलास का?" आता सांग, हा माणूस ऐकत होता की नव्हता? मी पुढे किती वर्षं विचारलं. कधी सांगितलं नाही. नुसते कान लाल व्हायचे.

छोटीने मागे विचारलं होतं ना, "आजी, आजोबा नक्की काय करायचे?" तिला आता इथपासून वाचून दाखव. कुठे थांबायचं ते तुझं तुला कळेल.

लग्न होऊन इथे आले तेव्हा मलाही कळत नव्हतं. मी गावच्या शाळेतली, वर पत्रे. पाऊस लागला की गुरुजींचा आवाज ऐकू यायचा नाही, त्यामुळे आमचं गणित फक्त उन्हाळ्यात पक्कं झालं. आणि हे मला सांगायचे की फार फार लांब दोन मेलेले तारे एकमेकांवर आपटतात आणि त्याने जागाच हलते. नुसती जमीन नव्हे, जागा. घर, ओटा, तू, मी, सगळं लांबतं आणि आखडतं.

मी म्हटलं, "मी लांबले तर मला कळणार नाही का?"

"फार थोडी लांबतेस."

"किती थोडी?"

ते सांगायला म्हणून त्यांनी दोन बोटं जवळ आणली, आणखी जवळ आणली, मग बोटांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "छे, हे फारच झालं."

मग एक दिवस त्यांनी माझी चहाची गाळणी दोरा बांधून खिळ्याला टांगली. "हा समज आरसा. आमच्या यंत्राच्या त्या लांबलचक नळीच्या टोकाला असाच बारीक धाग्यांवर टांगलेला असतो. तारे आपटले की हा हलतो आणि यंत्र आपल्याला आकडा देतं. पण तो आकडा म्हणजे किती हलला, हे यंत्राला कोणी शिकवायचं?"

"कोणी?"

"आपण. आपणच आरशाला ढकलायचं. किती जोराने ढकललं ते आपल्याला माहीत असतं. मग यंत्र काय म्हणतं ते बघायचं. म्हणजे ते किती खरं बोलतं ते कळतं." आणि टॉर्च पेटवून त्यांनी गाळणीवर धरली. "उजेडाने ढकलायचं. उजेडालाही जोर असतो."

गाळणी ढिम्म.

"हलली?" मी विचारलं.

"हलली."

"मला नाही दिसली."

"मलाही नाही."

"मग हो?"

"म्हणून तर पगार देतात."

मेली गोम सगळी त्या उजेडातच होती. उजेडात जोर किती हेच नीट ठाऊक नसेल तर धक्का किती दिला ते कसं कळणार? त्यासाठी तो गोळा. छोटीला दाखव तो, तुझ्या कपाटात असेल. आतून दुधासारखा पांढरा. एका भोकातून उजेड आत सोडायचा, तो आतल्या आत सगळीकडे सारखा पसरतो, मग मोजायचा. आधी मोजमापाच्या मोठ्या संस्थेत त्या गोळ्याचीच पारख करून घ्यायची, मग तो इथे आणायचा, मग तिकडच्या तुमच्या यंत्राकडे न्यायचा, म्हणजे दोन्ही यंत्रं एकाच मापाने बोलतात. हे म्हणायचे, आवाज बारीक आला तर माणूस लांब आहे की आपलाच कान उतरलाय, हे आधी ठरवावं लागतं. नाहीतर जवळच्या ताऱ्याला लांब ढकलून मोकळे होऊ.

ह्यांच्या पहिल्या दिवसांत शंभरात पाचाची चूक म्हणजे चांगलं समजायचे. मग दोनाची झाली, मग एकाच्या आसपास आली, आणि ह्यांच्या डोक्यात अर्ध्याचं खूळ शिरलं. कामावर सगळे त्यांना 'अर्धा टक्का' म्हणायला लागले. दुकानदार सुद्धा म्हणायचा, "या, अर्ध्या टक्क्याच्या वहिनी." आणि हा अर्धा टक्का घरात सदरा उलटा घालून फिरायचा, साखर समजून मीठ घालायचा आणि तो चहा पिऊनही टाकायचा, कारण लक्ष आरशात.

आता टोपी.

हे पहिल्यांदा गोळा आणायला गेले तेव्हा कडाक्याची थंडी होती. गोळा डिकीत ठेवायचा नाही, धक्के बसतात. ड्रायव्हरकडे द्यायचा नाही, तो उगाच वाजवून बघेल. तेव्हा मांडीवर. मला म्हणाले, "तू चल बरोबर. मला दोन्ही हात गोळ्याला लागतील, डबा कोण उघडणार?" म्हणजे बघ, माझी नेमणूक डब्यावर झाली. येताना गोळा त्यांच्या मांडीवर, डबा माझ्या, आणि मी घास भरवतेय. ड्रायव्हर आरशातून बघत होता. मी म्हटलं, "पुढे बघा हो, नवीन लग्न नाही झालेलं, ऑफिसचं काम चाललंय."

गाडीत गारठा. हे हातावर फुंकर मारायचे आणि हात गोळ्यावर ठेवायचे. मी माझ्या पिशवीत हात घातला आणि टोपी काढली. तुझ्या नवऱ्याची, तो जन्मला तेव्हा मीच विणलेली, जांभळी, वर गोंडा. पिशवीत कशी आली विचारू नकोस, आईच्या पिशवीत काहीही असतं. गोळ्याला घातली. अशी फिट्ट बसली! ह्यांनी गोळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आपल्या टकलावरून हात फिरवला आणि म्हणाले, "माझ्यावर गेलाय."

पुढचं तू कामावर ऐकलंच असशील, पण तिथे ते सभ्य करून सांगतात. आकडा जुळेना. मोठ्या संस्थेत गोळा एक म्हणत होता आणि इथे आल्यावर दुसरंच, थोडं कमी. दिव्यावर संशय, तारांवर संशय, त्या संस्थेवर संशय. ती माणसं चिडली. हे जेवेनात. शेवटी गोळा उघडला, तर आत झाकणापाशी लोकरीचा एक तंतू. जांभळा. केसाहून बारीक, आणि तेवढासा तो आत बसून उजेड पीत होता! सगळा विभाग टेबलाभोवती उभा. ह्यांच्या हातात चिमटा, चिमट्यात तंतू. साहेबांनी विचारलं, "हे काय आहे?" हे म्हणाले, "माझ्या मुलाची टोपी."

तेव्हापासून यंत्राच्या इमारतीत टोपीला कायमची बंदी. पण हे गोळा घेऊन निघाले की टोपी खिशात लागायचीच. डबीत बंद करून, गोळ्यापासून लांब, पण खिशात. मी म्हटलं, "अहो, एवढी फजिती झाली, टाका ना ती." म्हणाले, "चूक असली तरी चालते. किती आहे ते माहीत पाहिजे. ही आपली माहीत असलेली चूक आहे, हिला सांभाळायचं." आणि नेमकी तीच दर खेपेला विसरायचे! फाटकापर्यंत जायचे आणि मी दारातून ओरडायची, "टोपी!" की परत यायचे. समोरच्यांचं कुत्रं सुद्धा 'टोपी' ऐकलं की ह्यांच्याकडे बघायचं.

काचवाले आलेत. थांब, चहा टाकते.

सोमवार, दुपारी

काल काचवाल्यांनी घोळ घातला आणि पत्र राहिलं. तेच आपले शेजारचे, ज्यांनी जन्मभर त्या आरशांसाठी काचेचे धागे ओढले आणि आता ज्यांना सुईत दोरा ओवता येत नाही. दारातूनच विचारतात, "वहिनी, आज वार कोणता हो?" मी म्हटलं, "का, तुमच्या घरातलं कॅलेंडर माहेरी गेलं का?" बिचारे असे गोरेमोरे झाले! तू सांगितलंस ना त्यांना? हेरगिरी त्यांच्याने व्हायची नाही, दुसरा माणूस बघ. त्यांना चहा पाजून मीच त्यांच्याकडून सगळं काढून घेतलं, तू कधी फोन करतेस, काय विचारतेस. आणि मी वार सांगितलाच नाही हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

रात्री झोपताना मला सारखी तू पहिल्यांदा ह्या घरात आलीस तो दिवस दिसत होता. तेव्हा सून नव्हतीस, ह्यांच्या हाताखाली नवीन लागलेली पोर होतीस. ह्यांची सुट्टी, हे पायरीवर बसून नखं कापत होते. तू सायकल दारातच टाकलीस आणि पुढ्यात येऊन उभी राहिलीस. नमस्कार नाही, काही नाही.

"सर, मुद्दाम केलंत ना?"

आदल्या दिवशी यंत्रात ताऱ्यांनी जागा हलवल्याची लाट सापडली होती. तिकडे सगळे नाचत होते, आणि तुझ्या मनात किडा वळवळत होता. ह्यांच्याकडे ते एक गुपित काम असायचं ना, कोणाला न सांगता आरसा हलवायचा, खऱ्या ताऱ्यांनी हलवावा तसा, आणि बघायचं की पोरं पकडतात का, पकडली तर बरोबर मोजतात का. मुद्दाम केलेली असेल तर खोटी. नसेल तर खरी.

हे म्हणाले, "मी? कशाला?" आणि कान लाल.

पण सगळ्यांची मोजणी पुरी होईपर्यंत बोलायचं नाही असा नियम होता. तू म्हणालीस, "मग मी इथेच बसते." आणि बसलीस की! माझ्या ओट्यापाशी, त्या तीन पायांच्या स्टुलावर, नाकाचा शेंडा लाल करून. मी चहा दिला तर पिईनास. मी म्हटलं, "पी गं, ह्यात काही घातलेलं नाही. मी जे काही घालते ते बोलण्यात घालते." तेवढ्यात माझा लेक बाहेरून आला, दारात तुझी सायकल आडवी, तिच्यात पाय अडकून सपशेल तोंडावर पडला. तो अजून उठलेला नाही.

मोजणी पुरी झाल्यावर ह्यांनी सांगितलं, लाट मीच घातली होती. तू पुन्हा इथे आलीस आणि त्याच स्टुलावर बसून रडलीस. "मला ती खरी हवी होती." मी आपली तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. हे दारात उभे, हातात चप्पल तशीच. म्हणाले, "तू खोटी बरोबर मोजलीस. आता खरी आली तर तुझ्यावर विश्वास ठेवता येईल."

तू नाक पुसत म्हणालीस, "पण खरी आली तर तुम्ही मला सांगाल ना, की तुम्ही केलेली नाही?"

"लगेच सांगेन," हे म्हणाले.

आणि सांगितलं. ती खरी आली त्या दिवशी हे अर्ध्या जेवणावरून उठले. तुला फोन लावला, हात खरकटा, आणि दोनच शब्द बोलले. "मी नाही." एवढंच. फोन ठेवून पुन्हा पानावर येऊन बसले आणि तोच भात कालवत राहिले. मी त्यांना तेव्हा चिडवलं नाही. तेवढी एकच वेळ असेल.

अगं, छोटीला एक गंमत सांगायची राहूनच गेली. ह्यांनी एकदा माझी चहाची गाळणी दोरा बांधून खिळ्याला टांगली आणि म्हणाले, हा समज आरसा, आणि त्याच्यावर टॉर्च

थांब.

वर जाऊन बघितलं. लिहिलीय. टॉर्चसकट, पगारासकट सगळी लिहिलीय. कागदाचं हे बरं असतं, वर जाऊन बघता येतं. फोनवर वर जाता येत नाही.

हे खोडत नाही. तुझ्या कामाचं आहे, राहू दे.

उठून जरा खिडकीशी उभी राहून आले. इथून ती नळी दिसते, शेताच्या कडेकडेने पार दिसेनाशी होईपर्यंत गेलेली. ह्यांची वाट बघायची तर मी इथेच उभी राहायची. हे घर मला सोडायचं नाही हे तुला ठाऊक आहे. म्हणून काल पहिल्याच ओळीत ठोकून दिलं, हो, मुद्दाम करते. आणि तिथेच पत्र संपवून पाकिटात घालणार होते. मग तुझ्या स्टुलाकडे लक्ष गेलं. तू तिकडे अर्ध्या टक्क्याच्या मागे लागलीयस, ह्यांचं राहिलेलं पुरं करायला निघालीयस, आणि मी इथे बसून तुझ्या मोजणीत लोकर टाकतेय.

तेव्हा आता नीट वाच आणि टिपून घे. छोटीला हे वाचून दाखवू नकोस.

निळ्या गाडीतला हत्ती, सासूच्या घड्याळाला मी दिलेलं उत्तर, फोनवर छोटीला बावीस वर्षांची केली ते, हे सगळं माझं. शुद्ध चेष्टा. मोजणीत धरू नकोस.

तुझ्या आईचं नाव विचारलंस आणि मी म्हटलं, "महाराणी." ते आधी आठवलं नाही आणि मग चेष्टा केली. आठवलं ते फोन ठेवून भांडी घासताना. म्हणजे अर्धं हे, अर्धं ते.

भाजीत दोनदा मीठ पडलं म्हणून मी सांगितलं आणि आपण दोघी हसलो, म्हटलं ह्यांचा हात मला लागला. दोनदा नव्हतं, तीनदा. आणि एकाच दिवशी नव्हतं.

वार मी काचवाल्यांना सांगितला नाही, कारण मला माहीत नव्हता. पत्राच्या डोक्यावर रविवार लिहिलाय ना, तो ते गेल्यावर लिहिला. जाताना तेच म्हणाले, "रविवार आहे, जरा पडतो जाऊन."

बाई गं, चेष्टा ही फार सोयीची गोष्ट आहे. जन्मभर चिडवत आले, त्यामुळे मी काहीही बोलले तरी माणसं आधी हसतात. त्या हसण्यात मला आठवायला वेळ मिळतो. तुझ्या नवऱ्याला हे कधीच कळायचं नाही. तुला कळलं, म्हणून तर पत्र आलं.

डॉक्टरीणबाईंना हे कागद दाखव. मला न्यायचं ठरलं तर मी भांडेन, पण ते भांडण ऑफिसचं काम समज, मनावर घेऊ नकोस. स्टूल आणि गाळणी बरोबर येतील, एवढी अट. मी जातेय हे काचवाल्यांना मात्र तू सांग, माझ्याने व्हायचं नाही.

एक राहिलं.

पत्रात तू एकेक करून सगळं विचारलंस, गाडीचं, घड्याळाचं, मिठाचं. टोपीचं विचारलं नाहीस. म्हणजे तुला तेच विचारायचं होतं. तू फोनवर म्हणालीस, "पुढच्या महिन्यात गोळा घेऊन निघतेय," आणि मी म्हटलं, "अगं, मग ह्यांना म्हणावं टोपी घरीच राहिली, फाटकापाशी थांबा." तू गप्प झालीस. मग मी मोठ्याने हसले, "फसलीस की नाही!" तूही हसलीस. जरा उशिरा हसलीस.

तू 'गोळा' म्हणालीस तशी मी उठले होते. फोन कानालाच होता. कपाटातून टोपी काढली आणि दारात जाऊन उभी राहिले. हे नुकतेच पायरी उतरून गेलेत, एवढं मला पक्कं माहीत होतं. हाक मारायला तोंड उघडलं होतं. रस्ता रिकामा होता, तरी मला काही वाटलं नाही, म्हटलं आज भरभर गेले. तू गप्प झालीस ना, त्या गप्प बसण्यातून मला कळलं की हे नाहीत. दुसऱ्यांदा कळलं, अगदी पहिल्यासारखं. मग मी हसले.

ती मी मुद्दाम केलेली नव्हती. ती खरी होती.

लगेच सांगायला हवं होतं.

तुझी,
सासू